विसाव्या लेव्हलला करायचं काय?

वाचकहो, एक साधा प्रश्न विचारते. ज्या खेळात तुम्ही जितके जास्त जिंकाल तितका तो जास्त कंटाळवाणा होत जातो, त्याला चांगला खेळ म्हणायचं का? बुद्धिबळात असं होत नाही, क्रिकेटमध्ये होत नाही. पण ज्या खेळावर माझा जीव आहे, त्यात नेमकं हेच होतं. लोक म्हणतात, चालायचंच, त्या खेळाचा स्वभावच तसा. मला हे पटत नाही. हा डिझाइनचा दोष आहे. आणि डिझाइनचा दोष दिसत असताना आपण इंजिनीअरिंगवाल्यांनी गप्प बसणं बरं नव्हे!

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. आपल्या कॉलेजात तो माहीत असलेले सगळे मिळून दोन-तीन बाकांवर मावतील, म्हणून थोडक्यात ओळख करून देते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं. कुणी फायटर, म्हणजे तलवारबाज. कुणी विझार्ड, म्हणजे जादूगार. कुणी क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने जखमा बऱ्या करणारा पुजारी. कुणी रोग (आजार नव्हे हो, कुलपं उघडणारा चोर!). आणि एक जण डंजन मास्टर. गोष्ट सांगणारा तोच, राक्षसांच्या बाजूने खेळणारा तोच आणि पंचही तोच. आमच्या टेबलवर ते काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. खेळाडू म्हणतो, ‘मी दरीवरून पलीकडे उडी मारतो.’ मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि ठरलेलं लक्ष्य गाठलं तर उडी जमली. नाही गाठलं तर... दरी आहेच!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ 1974 मध्ये छापला. आज आपण कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर ‘लेव्हल वाढवा, ताकद वाढवा’ छापाचे जे गेम खेळतो, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथेच आहे.

जाता जाता भाषेचा एक खुलासा. माझी शाळा कॉन्व्हेंटची. ‘पातळी’ म्हटलं की मला धरणातलं पाणी आठवतं आणि ‘पात्र’ म्हटलं की नदीचं पात्र. त्यामुळे या लेखात लेव्हल ती लेव्हलच आणि कॅरेक्टर ते कॅरेक्टरच. मराठीच्या सरांनी सांभाळून घ्यावं.

तर, लेव्हल. बहुतेक आवृत्त्यांमध्ये 1 ते 20. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला घरातलं मांजरही मारू शकतं, अशी खेळाडूंमध्ये जुनी थट्टा आहे. तोच विझार्ड सतराव्या लेव्हलला आकाशातून उल्का पाडतो. त्या एका मंत्राचं नुकसान मोजायला सहा बाजूंचे 40 फासे टाकावे लागतात. सरासरी काढा: 40 गुणिले साडेतीन, म्हणजे 140! किंवा तो ‘विश’ म्हणजे ‘इच्छा’ नावाचा मंत्र म्हणतो आणि जे मागेल ते जवळजवळ घडतं. मांजराला घाबरण्यापासून ते जगाला धाक घालण्यापर्यंतचा हा प्रवास एकाच नियमपुस्तकात, त्याच फाशाने आणि त्याच टेबलवर करायचा असतो.

इथेच मेख आहे. गॅलिलिओने 1638 च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली गोष्ट आपण फर्स्ट इयरला ऐकलेली आहे. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली, तर तिचा छेद चौपट होतो पण वजन आठपट होतं. म्हणून मुंगीचा आराखडा तसाच मोठा करून हत्ती बनत नाही. हत्तीला हत्तीचेच पाय लागतात. मोठ्या लेव्हलच्या खेळाचं अगदी असंच आहे. डिझायनर लोक लहान लेव्हलचा खेळ घेतात, आकडे मोठे करतात आणि म्हणतात, घ्या, हा तुमचा हत्ती! मग त्याचे पाय मोडले की आपण म्हणतो, ‘मोठ्या लेव्हलला मजा नाही रे.’

पाय नेमके कुठे मोडतात ते पाहू. मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा गणिताची. वीस बाजूंच्या फाशाची प्रत्येक बाजू म्हणजे 5 टक्के. फासा कधीही 20 च्या वर जात नाही. पण त्यात मिळवायचे आकडे मात्र वाढत जातात. 2000 साली तिसरी आवृत्ती आली, तिचंच उदाहरण घ्या. शत्रूच्या मंत्रापासून मन सांभाळायचं असेल तर फासा टाकावा लागतो. क्लेरिक यात पक्का, फायटर कच्चा. पहिल्या लेव्हलला लक्ष्य समजा 14 आहे. क्लेरिककडे 2 आणि स्वभावगुणाचे 3, एकूण 5. त्याला फाशावर 9 पुरतात, म्हणजे 60 टक्के. फायटरकडे फक्त 1. त्याला 13 लागतात, म्हणजे 40 टक्के. ठीक आहे, एक सरस, एक डावा, पण दोघेही खेळात आहेत.

आता विसाव्या लेव्हलला या. जादूच्या वस्तूंची भर सोडून देऊ. मोठ्या विझार्डच्या मंत्राचं लक्ष्य समजा 27. क्लेरिककडे 12 अधिक 8, म्हणजे 20. त्याला 7 पुरतात, 70 टक्के. फायटरकडे 6 अधिक 1, म्हणजे 7. त्याला फाशावर थेट 20 च पाडावे लागतात. 5 टक्के! साठ विरुद्ध चाळीसचं सत्तर विरुद्ध पाच झालं. आता लक्ष्य असं ठेवा की क्लेरिकला घाम फुटेल, तर फायटर संपलाच. फायटरला झेपेल असं ठेवा, तर क्लेरिक जांभई देईल. डंजन मास्टरने जायचं कुठे?

ही गोष्ट डिझायनरांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. 2002 च्या ‘एपिक लेव्हल हँडबुक’मध्ये वीसच्या पुढची लेव्हल आली, तेव्हा त्यांनी विसाव्यानंतर सगळ्यांना सारखीच वाढ दिली. म्हणजे दरी आणखी रुंदावली नाही, पण पडलेली तशीच राहिली. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने खेळ 30 लेव्हलचा केला आणि सगळ्यांच्या सगळ्या आकड्यांत निम्मी लेव्हल मिळवून टाकली. गणित सुधारलं! पण राक्षसांचे आकडेही त्याच चालीने वाढले. तुम्ही पंधराने पुढे, तेही पंधराने पुढे. जिममधल्या ट्रेडमिलसारखं, घाम भरपूर आणि जागा तीच.

2014 च्या पाचव्या आवृत्तीने उलटा रस्ता धरला. आकडे वाढूच द्यायचे नाहीत. कौशल्याची भर पहिल्या लेव्हलला 2 आणि विसाव्याला फक्त 6. मला हा विचार फार आवडतो, कारण त्यामुळे शंभर साध्या सैनिकांची भीती मोठ्या वीरालाही राहते. पण मन सांभाळायचा तो जुना फासा? ज्याला त्याचं प्रशिक्षण नाही त्याचा आकडा वीस लेव्हल जागचा हलतच नाही. समोरचं लक्ष्य मात्र 19 पर्यंत जातं. फायटरकडे 1 असेल तर त्याला 18 लागतात, 15 टक्के. 2024 च्या सुधारित पुस्तकात यावर मलमपट्टी झाली. फायटरला हुकलेला फासा पुन्हा टाकताना आपली पूर्ण लेव्हल त्यात मिळवता येते, दिवसातून मोजक्याच वेळा का होईना. थोडक्यात, पन्नास वर्षांनी फायटरला न्याय मिळाला, तोही हप्त्याहप्त्याने!

दुसरी जागा गोष्टीची. हा मोडलेला पाय गणितापेक्षा जास्त दुखतो. आपण ज्याला साहसकथा म्हणतो ती अडचणींवर उभी असते. वाट लांब आहे, दार बंद आहे, खुनी कोण ते कळत नाही, मित्र मेला आहे. आता पाचव्या आवृत्तीतली मंत्रांची यादी बघा. पाचव्या लेव्हलला विझार्ड उडायला लागतो, दरी संपली. नवव्या लेव्हलला दूरच्या माणसाला बसल्या जागी बघता येतं; हेरगिरी संपली. त्याच लेव्हलला क्लेरिक मेलेल्याला उठवतो, मरण संपलं. तेराव्याला क्षणात शेकडो कोस दूर जाता येतं, प्रवासही संपला. मग शत्रूचा शोध कसा लागतो? आरशात बघायचं, तो झोपला की थेट त्याच्या पलंगाशी प्रकट व्हायचं, मारायचं आणि जेवायला घरी यायचं. संध्याकाळी सहाला सुरू केलेला खेळ साडेसहाला आटपला!

यावर डंजन मास्टर मंडळींचा ठरलेला उपाय म्हणजे बंदी. ‘या किल्ल्यात टेलिपोर्ट चालत नाही.’ ‘राजाच्या गळ्यात असा ताईत आहे की तो आरशात दिसत नाही.’ एकदा ठीक, दोनदा ठीक. पण प्रत्येक किल्ल्याला तोच लेप आणि प्रत्येक राजाला तोच ताईत? ही शुद्ध फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. समोरच्या मुलाने दोन वर्षं, दर शनिवारी रात्री बसून ती ताकद कमावली. ती हातात आली त्या दिवशी तुम्ही म्हणता, वापरायची नाही. म्हणजे परीक्षेला कॅल्क्युलेटर आणायला सांगायचं आणि दारावर काढून घ्यायचा.

तिसरी जागा टेबलची, म्हणजे खऱ्या माणसांची. विझार्डची पाळी आली की तो मंत्रांची चार पानं चाळतो, फासे मोजतो, नियमावर वाद घालतो. फायटरची पाळी आली की तो म्हणतो, ‘मारतो.’ आमच्या टेबलवरचा फायटर सिव्हिलचा आहे, फर्स्ट इयरपासून आमच्यात आहे. तेराव्या लेव्हलनंतर तो एके रात्री म्हणाला, ‘मी कशाला येतो गं? याच्या मागून सामान उचलायला?’ म्हणाला हसत हसत, पण पुढच्या शनिवारी आला नाही. इथे प्रश्न खेळातल्या तोलाचा उरत नाही, मैत्रीचा होतो. एक खुर्ची रिकामी झाली की दुसरी व्हायला वेळ लागत नाही. हॉस्टेलमध्ये असे किती खेळ सुरू झाले आणि दहाव्या-बाराव्या लेव्हलला विरून गेले! भांडण झालं नाही, शेवटही झाला नाही. नुसतं जमणं बंद झालं.

म्हणूनच पुष्कळ शहाण्या लोकांनी वेगळा सल्ला दिला आहे: वर जाऊच नका. 2007 च्या सुमाराला तिसऱ्या आवृत्तीच्या खेळाडूंमध्ये ‘ई-सिक्स’ नावाची पद्धत निघाली. सहाव्या लेव्हलला वाढ थांबवायची, त्यापुढे फक्त छोटी छोटी कौशल्यं मिळत राहतात. तिसऱ्या आवृत्तीचे एक प्रमुख डिझायनर जोनाथन ट्वीट आणि चौथीचे रॉब हाइन्सू यांनी 2013 मध्ये ‘थर्टीन्थ एज’ काढला, त्यात लेव्हल मुळी दहाच आहेत. प्रकाशकांचाही कल तोच. 2016 चं गाजलेलं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हे साहस दहाव्या लेव्हलला संपतं. दहापासून वीसपर्यंत जाणारं ‘व्हेक्ना: ईव्ह ऑफ रुइन’ यायला 2024 उजाडावं लागलं. मोठ्या लेव्हलची साहसं कमी, म्हणून लोक तिथे जात नाहीत. लोक जात नाहीत, म्हणून साहसं कमी. कोंबडी आधी की अंडं!

ई-सिक्सवाल्यांबद्दल मला आदर आहे. त्यांनी निदान रोग ओळखला. पण हा इलाज म्हणजे गुडघा दुखतो म्हणून चालणंच सोडून द्यायचं. शक्तिमान माणसांच्या गोष्टी कंटाळवाण्याच असत्या, तर महाभारत कधीच विस्मृतीत गेलं असतं. भीष्माला बाणांनी हरवता येत नव्हतं, इच्छामरणाचा वर होता. मग त्याच्यासमोर आणखी मोठा राक्षस आणला का? नाही. शिखंडी आणला. भीष्माने शस्त्र खाली ठेवलं ते स्वतःच्याच व्रतापायी. कृष्ण एकट्याने युद्ध संपवू शकला असता, म्हणून आधीच ठरलं की तो शस्त्र धरणार नाही. या गोष्टींमध्ये ताकद कुणी काढून घेत नाही. ताकदीभोवती वचनं, नाती आणि शाप असतात, आणि खरा पेच तिथे पडतो. आपल्या आज्यांना हे कळायला नियमपुस्तक लागलं नाही.

गंमत म्हणजे हे त्या खेळालाही एके काळी कळत होतं. 1978 च्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या पुस्तकात फायटर नवव्या लेव्हलला पोचला की त्याला ‘लॉर्ड’ म्हणत. तो रान साफ करून गढी बांधू शकत असे, त्याच्याकडे आपणहून सैनिक चाकरीला येत आणि त्याच्या मुलखातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 7 चांदीची नाणी महसूल मिळे. अगदी आकड्यासकट लिहिलेलं आहे! विझार्डला मंत्र मिळत होते, तर फायटरला माणसं मिळत होती. कुठला तोल हा? ज्याच्या पाठीशी फौज आहे आणि ज्याच्या बोलण्यावर गावं चालतात, तो मंत्रवाल्यापुढे सामान उचलायला जात नाही.

याच खेळाची एक दुसरी शाखा होती, फ्रँक मेंट्झरने मांडलेली, पेट्यांमधून येणारी. तिची रचना मला आजही सगळ्यांत शहाणी वाटते. 1983 ची पहिली पेटी भुयारांची, त्याच वर्षीची दुसरी रानावनातल्या प्रवासाची. 1984 ची तिसरी पेटी, लेव्हल 15 ते 25, राज्यकारभाराची: प्रजा, कर, फौजांच्या लढाया. 1985 ची चौथी 36 व्या लेव्हलपर्यंत. आणि 1986 ची पाचवी थेट अमर होण्याची. म्हणजे लेव्हल वाढली की आकडे तर वाढायचेच, पण खेळाचा विषयही बदलायचा. हत्तीला हत्तीचे पाय!

2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत ही गढी मागे पडली. अनुयायी मिळवणं हे ‘लीडरशिप’ नावाचं ऐच्छिक कौशल्य झालं, जे फायटरच काय, विझार्डही घेऊ शकत होता. फायटरच्या हातची एकमेव मोठी गोष्ट सार्वजनिक मालकीची झाली. त्यानंतर मोठी लेव्हल म्हणजे मोठा राक्षस, एवढंच समीकरण उरलं.

तर माझं मत एका वाक्यात असं: छोट्या लेव्हलचा प्रश्न ‘जमेल का?’ हा असतो, मोठ्या लेव्हलचा प्रश्न ‘करावं का, आणि केलं तर पुढे काय?’ हा असायला हवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फासा देतो. दुसऱ्याचं उत्तर खेळाडूलाच द्यावं लागतं. एकदा हे मान्य केलं की डिझाइन कसं करायचं तेही दिसायला लागतं. आमच्या टेबलवर पंधराव्या लेव्हलला जे चालतंय ते सांगते, म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान झाडलं असं व्हायला नको.

एक, ताकद रोखायची नाही, तिची किंमत लावायची. मेलेल्याला उठवायच्या मंत्राला 500 सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि माणूस मरून दहा दिवसांच्या आत असावा लागतो, हे पुस्तकातच आहे. आम्ही एवढंच केलं की हा नियम गावाला कळला. आता क्लेरिकच्या देवळाबाहेर रांग लागते. हिरे तीन, रांगेत अकरा घरची माणसं. कुणाला उठवणार? लहान मुलाला, गावाच्या एकुलत्या एक सुईणीला, की ज्याने देवळाला जमीन दिली त्याला? कुठलाही राक्षस समोर नसताना आमचा क्लेरिक दहा मिनिटं गप्प बसला होता. तीन वर्षांतली सगळ्यांत ताणलेली दहा मिनिटं!

दोन, क्षणात कुठेही जाता येत असेल तर जाऊ द्या, पण एकाच वेळी दोन ठिकाणी बोलावणं येऊ द्या. उत्तरेला धरण फुटतंय, दक्षिणेला तहाची बोलणी मोडताहेत. टेलिपोर्टने अंतर संपतं, वेळ संपत नाही. कुठे गेलो नाही याचा हिशेब पुढच्या शनिवारी समोर येतो.

तीन, प्रत्येकाला असं काही द्या जे मंत्राने होत नाही. आमच्या फायटरला एका घाटातली गढी मिळाली, 340 माणसांसकट. आता दर वेळी त्याच्याकडे पत्रं येतात. विहीर आटली, दोन गावांचं पाण्यावरून भांडण आहे, पहारेकऱ्यांचा पगार थकला आहे. विझार्ड पाऊस पाडू शकेल, पण पाणी आधी कुठल्या गावाला, हे कोण ठरवणार? पुढच्या वेळी हा पठ्ठ्या ग्राफ पेपरवर पाटाचा उतार काढून घेऊन आला! सर्व्हेइंगच्या जर्नलला त्याने एवढी मेहनत घेतलेली मी पाहिलेली नाही.

चार, वेळ वाचवा. फाशांच्या ढिगाऐवजी सरासरी धरा, 40 फासे मोजत बसू नका. पाळी दोन मिनिटांची. मंत्राचा मजकूर आपली पाळी यायच्या आधी वाचून ठेवायचा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मोठ्या लेव्हलचे कितीतरी खेळ राक्षसामुळे मेले नाहीत, वाट बघण्याने मेले.

पाच, शेवट आधी ठरवा. चौथ्या आवृत्तीला लोकांनी कितीही नावं ठेवली तरी तिच्यात एक फार चांगली कल्पना होती. एकविसाव्या लेव्हलला प्रत्येक कॅरेक्टर एक ‘एपिक डेस्टिनी’ निवडतं आणि ती पुरी झाली की त्याची कहाणी संपते. तो अमर होईल, देव होईल किंवा दंतकथा होईल, पण टेबलवरून उठेल. ज्याला शेवट नाही त्या ताकदीला अर्थ राहत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो आमच्याच टेबलवर निघाला. ‘दिवसभर व्हायवा आणि सबमिशन, आणि रात्री पुन्हा पाण्याचं वाटप? आम्ही राक्षस मारायला येतो, तहसीलदार व्हायला नाही.’ बरोबर आहे. म्हणून राक्षस मारणं बंद करू नका. फक्त मारलेल्या राक्षसाच्या मागे काहीतरी उरू द्या. ड्रॅगन मेला, मग त्याच्या भीतीने गप्प बसलेली तीन राज्यं आता एकमेकांवर उठली. लढाईची मजा लढाईत राहते आणि तिचा अर्थ नंतर कळतो. ज्याला तेवढंही नको असेल त्याने सहाव्या लेव्हलला खुशाल थांबावं, माझी काही तक्रार नाही. पण ‘मोठी लेव्हल खेळण्यासारखी नसतेच’ असं मात्र म्हणू नये.

तुम्ही म्हणाल, एका खेळापायी एवढा जीव का काढते ही? याचं कारण सरळ आहे. आपल्या हातात आठ सेमिस्टर आहेत, त्यातली सहावी चालू आहे. पुढच्या वर्षी आमच्यातला एक पुण्याला, एक बंगलोरला, एक एमएस करायला बाहेर, आणि सिव्हिलवाला कुठल्याशा साइटवर. टेबलाभोवतीचे हे सहा जण पुन्हा एका शहरात भेटतील याची खात्री कुणीही देणार नाही. आमच्या सीनियर्सचा खेळ बाराव्या लेव्हलला अर्धवट सुटला आणि आज त्यांना विचारलं तर आपल्या कॅरेक्टरचं शेवटी काय झालं ते त्यांना सांगता येत नाही. मला ते आमच्या बाबतीत व्हायला नको आहे.

दुसरंही एक कारण आहे. आपल्याला चार वर्षं ‘जमेल का?’ याचंच शिक्षण मिळतं. पूल उभा राहील का, प्रोग्रॅम चालेल का, मोटर फिरेल का. त्याचे मार्कही मिळतात. पण नोकरीला लागल्यावर कधीतरी अशी वेळ येणार की गोष्ट सहज जमते आहे आणि करावी की नाही हा प्रश्न आहे. त्याचा पेपर कुठल्याच सेमिस्टरला नाही. एक खेळ तो प्रश्न दर शनिवारी रात्री, चहाच्या कपावर, कुणाचंही नुकसान न होता विचारत असेल, तर त्याचं डिझाइन नीट करणं हा वेळेचा अपव्यय आहे असं मला तरी वाटत नाही.

सध्या आम्ही पंधराव्या लेव्हलला आहोत. आठव्या सेमिस्टरच्या सबमिशनच्या आत विसावी गाठायची आणि शेवट करायचा असं ठरलं आहे. तोवर तुमच्यापैकी कुणाला मोठ्या लेव्हलचं याहून चांगलं उत्तर सुचलं, तर जरूर सांगा. फक्त ‘आणखी मोठा ड्रॅगन आण’ एवढं सुचवू नका. तो आम्ही केव्हाच मारलाय!